एलायचे उघडे हात

मॅगर्स कोव्ह
९ ऑक्टोबर १९६१

व्हिनी,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी आलं आणि आत बावीस प्रश्न. 'कशी आहेस' हा त्यांत नव्हता, तेव्हा त्याचं उत्तर मी देत नाही.

गसला वाचून दाखवलं. म्हणाला, "नवीन कादंबरी काढली वाटतं. तुझी बहीण माणसांना पत्रं लिहीत नाही, सामान मागवते." नवरा माझा असला तरी कधीकधी बरोबर बोलतो.

आधीच सांगते, आईचं मी विसरलेली नाही. तुझ्या मागच्या पुस्तकातली बाई म्हणे शंभर वर्षांपूर्वीची. मग तिचा डोळा आईसारखा तिरळा कसा? अंडं घेताना तीही ते कानापाशी हलवून कशी बघते? पाद्र्याच्या बायकोनं ते पान हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं. सगळे हसले आणि मग सगळ्यांनी वळून आईकडं पाहिलं. दोन आठवडे ती दाराबाहेर आली नाही. पाणी मी आणायचे. तिच्या मातीला तू आलीस तेव्हा मी हे तोंडावर बोलले, तर म्हणालीस, "ताई, ती आई नाही, ती १८५० सालची बाई आहे." आणि बोटीत जाऊन बसलीस. टोरांटोत असं चालत असेल. आपल्या गावात तसा डोळा एकाच बाईला होता.

आता तू जोब आजावर लिहितेस. मी उत्तरं दिली नाहीत तर मनचं लिहिशील, म्हणून देते. दोन हिवाळे शाळेत गेले आणि मग व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला लागले, तेव्हा अक्षर आहे हे असं आहे.

बर्फावर जाताना काय न्यायचे? हुकाची काठी, ओढायचा दोर, कमरेला सुरी, खिशात कडक बिस्किटं. किटली नाही. सीलची शिकार करायला माणूस पहाटे जातो आणि दुपारी घरी जेवायला येतो, किटली कशाला नेईल? रात्र काढायची म्हणून कुणीच गेलं नव्हतं.

बायकांना कधी कळलं? वारा पश्चिमेला फिरला तेव्हाच. वारा जमिनीवरून समुद्राकडं सुटला की बर्फ किनारा सोडतं, हे इथं चार वर्षांच्या पोराला कळतं. सातजण बर्फावर होते. आजी टेकाडावर उभी होती, तिला मधे पाण्याची काळी रेघ दिसली. ती ओरडली नाही. खाली आली आणि चुलीत लाकूड घातलं. हे तिनं मला स्वतः सांगितलंय. हवं तर घे.

दोन रात्रींनी वारा उलटला, बर्फ परत किनाऱ्याला टेकलं, आणि आजा एकटा चालत आला. तोही आपल्या गावात नाही, पलीकडच्या वस्तीवर. बाकी सहांची नावं चर्चच्या आवारातल्या दगडावर आहेत. साल १८९१, मार्च. दगडावर तारीख चुकलीय असं आजी म्हणायची, पण दगड कोण दुरुस्त करणार.

उरलेली उत्तरं मागच्या पानावर.

ट्रिफी


२ डिसेंबर १९६१

व्हिनी,

तू तिथल्या तळ्यावर जाऊन हातमोजे काढून उभी राहिलीस, घड्याळ लावून, बोटं किती वेळात बधिर होतात ते बघायला. अकरा मिनिटं. गस खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "अकरा मिनिटं! इथं आली असती तर मीच बोटीवर बसवून दिवसभर गारठवली असती." मला हसू आलं नाही. मला वाटलं, ही बाई एका वाक्यासाठी बोटं घालवून बसेल.

त्या आठवड्याची वर्तमानपत्रंही काढलीस म्हणे. हवा कशी होती, चंद्र किती वाजता मावळला, व्यापाऱ्याच्या दुकानात काकवी होती की संपली होती. चंद्राचं समजू शकते, रात्री त्यांना काय दिसत होतं ते ठरवायला लागेल. काकवी कशाला? तू म्हणतेस, काकवी खोटी निघाली तर वाचणारा मरणसुद्धा खोटं धरतो. बरं. संपली होती. आजी त्या महिन्यात पाव नुसताच खायची.

आता तुझा मोठा प्रश्न. तू लिहितेस, बर्फावर रात्री काढून जी माणसं जिवंत परतली त्यांच्या कागदांचा तू ढीग वाचलास, आणि एकूण एक जणाची बोटं तोडावी लागली होती. मग आजाची दहाच्या दहा कशी शाबूत?

आजीनं दुहेरी विणीचे हातमोजे विणले होते. जाड होते. म्हणून.

आणि त्या सहांतला एलाय बॅटन उघड्या हातांनी का सापडला ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. थंडी डोक्यात गेली की माणसाला उकडायला लागतं, तो अंगावरचं काढून फेकतो. एलायनं हातमोजे फेकले. पोरगं तसंच उघड्या हातांनी बाहेर पळालं की इथं अजून आया ओरडतात, "एलायसारखं करू नकोस." तूही ते ऐकतच मोठी झालीस.

एलायची मुलगी आहे अजून, केझी मावशी. तू विचारलं नाहीस पण सांगते. सत्त्याहत्तर वर्षांची झाली, दोन्ही डोळे गेले, जीभ शाबूत आहे.

ट्रिफी


१७ जानेवारी १९६२

व्हिनी,

तू पिच्छा सोडत नाहीस.

"ताई, काहीतरी राहतंय." हे एवढं लिहून खाली रेघ मारलीस. आजानं सत्तेचाळीस हिवाळे एलायच्या बायकोला लाकूड तोडून दिलं, आमच्या दाराशी नसलं तरी तिच्या दाराशी रास असायची, हे तुला आठवतं. त्याच्याबरोबर घसरगाडीवर बसून तू जायचीस तेही आठवतं. बॅटनची बाई दारात येऊन "जोब, आत ये, चहा घे" म्हणायची, आणि तो दोराची गाठ बघत राहायचा. एकदाही आत गेला नाही. वाचलेला माणूस मेलेल्याच्या बायकोकडं बघत का नाही, असं तू विचारतेस.

तुला असले प्रश्न पडतात म्हणून तू पुस्तकं लिहितेस. मला पडत नाहीत म्हणून मी मासळी चिरते.

ऐक तर. एलायचं डोकं फिरलं होतं. स्वतःचे हातमोजे फेकले आणि आजाच्या हातमोज्यांवर धावून आला. आजानं ढकलला. तो पडला तो उठला नाही. ते आजाला लागून राहिलं, म्हणून लाकडं. शेवटच्या आजारात त्यानं मला हे सांगितलं. तू तेव्हा सेंट जॉन्सला शिकवत होतीस, त्याची भांडी मी उचलत होते.

झालं समाधान? आता यावर परत विचारू नकोस. इथं बर्फ धरलंय, टपालाचं विमान हवा बरी असेल तर येतं, आणि मला दुसरी कामं आहेत.

ट्रिफी


८ मार्च १९६२

व्हिनी,

टाइप केलेली पानं आली. गठ्ठा पाहून गस म्हणाला, "एवढा कागद? माणसं तर दोनच रात्री बर्फावर होती."

चुका काढ म्हणालीस म्हणून काढते. पहिल्या प्रकरणात बायका धक्क्यावर रडतात. रडत नाहीत. रडली ती पुढच्या वर्षापर्यंत बोलणी खाते. तिसऱ्यात तू दोराची जी गाठ मारलीस ती ओल्या दोराला बसतच नाही, गसनं मारून दाखवली, चित्र मागे काढलंय. सगळीकडंच पुरुष फार बोलतात. मरायला टेकले तरी आपले पुरुष एवढं बोलत नाहीत. त्यांचं बोलणं अर्ध्यावर आण.

आजी टेकाडावरून खाली येऊन चुलीत लाकूड घालते ते तू जसंच्या तसं ठेवलंस. त्या पानाशी मी थांबले होते. एवढंच सांगते.

अकराव्या प्रकरणाबद्दल. एलायवर तू चाळीस पानं लिहिलीस. मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात तो गुरगुरतो, दात दाखवतो, आजाच्या मनगटाला चावतो. चावल्याचं मी लिहिलं नव्हतं. आणि नाव एलाय बॅटनच ठेवलंस. सगळ्यांची खरी नावं, आणि सुरुवातीच्या पानावर लिहिलंस की हे सगळं खरंच घडलेलं आहे. नाव बदलून टाक. सॅम्युअल कर, काहीही कर.

आणखी एक. गसनं तोंड उघडलं आणि केझी मावशीला कळलं की पुस्तकात तिचा बाप आहे. परवा चर्चमधून बाहेर पडताना माझी बाही धरून म्हणाली, "ट्रिफी पोरी, मला वाचून दाखव."

म्हटलं, "मावशी, अजून छापलेलं नाही. छापल्यावर वाचू."

"मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. छापेपर्यंत मला कुणी मिठात घालून ठेवणार आहे का?"

मी सोमवारी येते म्हणाले. अकरावं प्रकरण येण्याआधी काहीतरी कारण काढीन.

ट्रिफी


२९ मार्च १९६२

व्हिनी,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

केझी मावशीकडं मी दोन आठवडे रोज दुपारी वाचलं. पहिल्या दिवशी गेले तर ती चर्चला जातानाचा काळा पोशाख घालून, केस विंचरून, चुलीपाशी खुर्चीत ताठ बसलेली. टेबलावर चहा, पाव, रानबेरीचा मुरंबा. जणू पाहुणे येणार होते.

"वाच. माझा बाप येईल तिथून वाच."

"तो पहिल्याच पानावर येतो, मावशी."

"मग पहिल्यापासून वाच."

तुला माहीत आहे मी कशी वाचते. ओळीखाली बोट ठेवून, लांब शब्दाला अडखळत. ती एकदाही घाई करत नव्हती. तू लिहिलंयस की एलाय पहाटे शीळ घालत घराबाहेर पडला. तिनं हात वर केला. "थांब. शीळ कशी घालेल? त्याचे पुढचे दोन दात पडले होते. आई सांगायची. तुझ्या बहिणीला कळव, म्हणावं आधी त्याचे दात पाड."

मी पेन्सिलीनं खूण केली. ती एवढी हसली की चहा सांडला. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मी सहा वर्षांची होते. मला त्याची फक्त पाठ आठवते, दारातून जाताना. आणि पुढं आयुष्यभर ते एक वाक्य, एलायसारखं करू नकोस. माझ्याच पोराला शेजारणीनं म्हटलं होतं, माझ्यासमोर. या कागदात तो चालतोय, खातोय, बायकोवर चिडतोय. वाच पुढं."

परवा दुपारी अकरावं प्रकरण आलं. माझं बोट ओळीखालीच राहिलं. म्हटलं, "मावशी, डोळे दुखतायत."

"तुझे दुखतायत? मग दे इकडं, मी वाचते."

मी गठ्ठा बांधला आणि घरी आले. दोन दिवस झाले. आता तुला लिहिते.

जानेवारीत मी तुला खोटं लिहिलं. डिसेंबरातही. दुहेरी विणीचे हातमोजे खरे होते, पण ते आजाच्या हातात नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचे हात कोपरापर्यंत पाण्यात गेले होते, हातमोजे भिजून फळ्यांसारखे झाले होते. ते त्यानं टाकून दिले. एलाय एका बर्फाच्या उंचवट्याच्या आडोशाला बसला होता. पाय गेले होते त्याचे, उठता येत नव्हतं. आजानं त्याचे हातमोजे काढून घेतले. एलायनं मुठी आवळल्या. आजानं एकेक बोट उलगडून सोडवलं. मला सांगताना त्यानं माझा हात धरून करून दाखवलं, करंगळीपासून. आणि म्हणाला, "तो मेला नव्हता, ट्रिफी. बघत होता."

पलीकडच्या वस्तीवर ज्या घरात त्याला आत घेतलं त्यांच्या चुलीत त्यानं ते हातमोजे टाकले. एलायच्या बायकोची वीण कुणीही ओळखली असती. मग एलाय उघड्या हातांनी सापडला आणि गावानं ठरवलं की तो वेडा झाला. आजा काही म्हणाला नाही. त्याला काही रचावं लागलंच नाही, त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

तू बोटांचं विचारलंस तेव्हा मी घाबरले. सगळं गाव सत्तर वर्षांत विचारू शकलं नाही ते तू तिथं बसून विचारलंस. म्हणून लहान पाप पुढं केलं, मोठं झाकायला. ढकललं म्हणाले. मला वाटलं तेवढ्यावर भागेल. शेवटचे अकरा आठवडे त्याचं सगळं मी केलं. मला तो आवडायचा. एवढंच कारण आहे, याहून मोठं शोधू नकोस.

ते प्रकरण काढ.

ट्रिफी


२२ एप्रिल १९६२

व्हिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

तू लिहितेस, शरद ऋतूत पुस्तक यायचं ठरलंय. अकरावं प्रकरण पुस्तकाचा कणा आहे. वाचणाऱ्यानं दहा प्रकरणं जोबवर जीव लावलेला असतो, त्यानं जिवंत माणसाची बोटं उलगडली असं लिहिलं तर पुस्तक तिथंच मोडतं. आणि शेवटी तुझं ते वाक्य, "गावानं जे लक्षात ठेवलं तोही इतिहासच असतो, ताई."

गावानं लक्षात ठेवलं ते आजाचं गप्प बसणं होतं. त्याला तू इतिहास म्हणणार असशील तर मी मासळीच्या आतड्यांना मेजवानी म्हणते.

खोटं मी बोलले, कबूल. त्याचं काय व्हायचं ते माझं होईल. पण तू चंद्र तपासलास, काकवी तपासलीस, तळ्यावर जाऊन बोटं गारठवलीस. मला तपासलं नाहीस. का? बहीण म्हणून नाही. सहा वर्षं तू मला बहीण धरलं नव्हतंस. मी सांगितलं ते तुझ्या गोष्टीत अगदी चपखल बसलं म्हणून. तुमच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, पण एवढं बघ, जे बसत नाही त्यावर तू बावीस प्रश्न विचारतेस आणि जे बसतं त्यावर एकही नाही.

आजाला लोकांनी काय म्हणावं याची काळजी तू करू नकोस. तो मेलाय. मीही हीच काळजी करून इथवर आले. केझी मावशी जिवंत आहे. ती रोज निरोप पाठवते, डोळे बरे झाले का म्हणून. पुस्तक छापून आलं की पाद्र्याची बायको तिच्यासमोर ते हॉलमध्ये वाचणार, आणि सगळे वळून तिच्याकडं बघणार. तिला ते दिसणार नाही, पण कळेल.

मी तिला या आठवड्यात सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही.

ट्रिफी


२० मे १९६२

व्हिनी,

तुझी तार बोटीबरोबर आली. 'पानं थांबवली. काय लिहू.' तारेत शब्द कमी लागतात म्हणून का होईना, पहिल्यांदा मुद्द्याचं लिहिलंस. प्रकाशक चिडला असेल. चिडू दे.

मी केझी मावशीला सांगितलं. सगळं, तुला सांगितलं तसंच. ती काळा पोशाख घालून बसली होती, तिला वाटलं मी पुढचं वाचायला आलेय. माझे हात रिकामे आहेत हे तिला दिसत नव्हतं, म्हणून पहिल्यांदा तेच सांगावं लागलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "जिवंत होता?"

"हो."

"डोळे उघडे होते?"

"हो, मावशी."

"म्हणजे वेडा नव्हता."

"नव्हता. मुठी आवळून धरल्या होत्या त्यानं."

तिनं मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण तिचा आवाज चढला. "ती लाकडं आम्ही जाळली. सत्तेचाळीस हिवाळे. माझी तिन्ही बाळंतपणं त्या लाकडाच्या उबेला झाली. आई दर रविवारी जोब पार्डीसाठी प्रार्थना करायची, मला गुडघ्यावर बसवून. आणि तू, चोवीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसून गातेस." मग म्हणाली, "ऊठ माझ्या खुर्चीतून." मी उठले. "बाहेर हो." मी बाहेर झाले.

गस म्हणाला, "आता बोलणार नाही ती तुझ्याशी." म्हटलं, तिनं का बोलावं?

सहा दिवस बोलली नाही. रविवारी चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही विचारलं नाही. सातव्या दिवशी आमच्या दाराशी आली, एकटी, काठीनं कुंपण चाचपत. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"एक विचारायचंय. तो बोटं सोडवत होता तेव्हा माझा बाप काय म्हणाला?"

"आजानं नाही सांगितलं."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"अकरा आठवडे त्याला पाणी पाजलंस आणि एवढं विचारलं नाहीस. काहीतरी म्हणाला असेलच ना. शुद्धीवर होता तर काहीतरी म्हणाला असेल."

"असेल. ते कळायला आता वाट नाही, मावशी."

"तुझ्या बहिणीला विचार."

"तिला काय ठाऊक? ती तर रचते."

"मग रचू दे. सत्तर वर्षं या गावानं रचलं, ज्यांना ते जमत नाही त्यांनी. आता जिला जमतं तिनं रचावं." ती पुढं म्हणाली, "नाव बदलायचं नाही. एलाय बॅटनच लिही म्हणावं, आणि जोब पार्डी, जोब पार्डीच. माझ्या बापाला रडवलं तरी चालेल. शिव्या घालू देत, माझ्या आईला हाक मारू देत. फक्त एक करायचं नाही. त्यानं जोबला माफ केलं असं त्याच्या तोंडी घालायचं नाही. ते द्यायचं की नाही ते आता माझ्याकडं आलंय. आणि मी अजून ठरवलेलं नाही."

एवढं बोलून वळली. मी घरापर्यंत सोडते म्हटलं तर म्हणाली, "कुंपण मला रस्ता दाखवतं, तू नको."

तर तू तारेत विचारलंस त्याचं उत्तर हे. काय लिहायचं ते तिनं सांगितलंय. मी गेले चार दिवस मासळी चिरताना तेच करून बघतेय. एलाय बसलाय, आजा वाकलाय, आणि एलाय म्हणतो... पुढं मला 'जोब, नको' एवढंच येतं. मग वाटतं, एवढंही म्हणाला नसेल. मग वाटतं, लेकीचं नाव घेतलं असेल, पण ते मी तिच्यासाठी घालतेय हे मलाच दिसतं, तिलाही दिसेल. मला ते जमत नाही. मी खोटं बोलू शकते, पण हे ते काम नाही. हे तुझं काम आहे. आयुष्यभर तू त्यासाठी घर सोडून राहिलीस, आईला दुखावलंस, मला पत्रं लिहिली नाहीस. मला त्याचा राग होता आणि अजून आहे. पण आता हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही, हेही खरं आहे.

प्रकरण टपालानं पाठवू नकोस, मी वाचणार नाही. स्वतः घेऊन ये. बोट दर मंगळवारी लागते. आमच्याकडं उतर, मागची खोली झाडून ठेवली आहे. तिच्यासमोर तूच वाच, आणि काही चुकलं तर ती तिथल्या तिथं थांबवील, तेव्हा पेन्सिल जवळ ठेव.

तिला उजव्या कानानं नीट ऐकू येत नाही. डाव्या बाजूला बस.

ट्रिफी